डेन्मार्कची भोकाची नाणी : कुठलं चालतं, कुठलं बाद झालं आणि कुठल्याला खरंच किंमत आहे

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सासरे बोटीवर होते, त्यांच्या ट्रंकेत डबाभर डेन्मार्कची नाणी आणि पाकिटात काही नोटा निघाल्या, त्यातल्या बऱ्याच नाण्यांना मधे भोक आहे, मुलगी आता आरहूसला शिकायला चाललीय, तर हे पैसे तिला तिथे वापरता येतील का आणि नाही तर इथे त्यांचे किती येतील. मी परकीय चलनाच्या काउंटरवर बरीच वर्षं काढलीत आणि नाण्यांचा नाद त्याच्याही आधीचा, म्हणून जरा लांबण लावतोय. नुसतं एक क्रोन म्हणजे इतके रुपये असं सांगून भागणार नाही, कारण त्या डब्यात चार वेगवेगळ्या प्रकारचा माल असणार आणि चारही प्रकारांची किंमत वेगळ्या पद्धतीने ठरते.

आधी भावाचं बघू. डेन्मार्कचं चलन क्रोन, एका क्रोनचे १०० ओरे. बँकेत त्याचा कोड डीकेके. २०२५ च्या उत्तरार्धात एक क्रोन साधारण १३ ते १४ रुपयांच्या घरात होता, पण हा आकडा पाठ करू नका, त्यापेक्षा एक युक्ती लक्षात ठेवा. क्रोन युरोला बांधलेला आहे, मधला भाव एका युरोला ७.४६०३८ क्रोन, आणि त्याच्या खालीवर सव्वादोन टक्क्यांपलीकडे जाऊ द्यायचं नाही असा करार, प्रत्यक्षात तर तो इतकाही हलत नाही. म्हणजे पेपरात युरोचा भाव बघायचा आणि साडेसातने भागायचं. युरो १०० रुपये असेल तर क्रोन १३ रुपये ४० पैशाच्या आसपास. डेन्मार्कने युरो घेतला नाही, २८ सप्टेंबर २००० ला जनमत घेतलं तेव्हा ५३ टक्क्यांच्या वर लोक नको म्हणाले, पण भाव मात्र युरोच्या मागेच चालतो, आणि तो तसा चालावा म्हणून त्यांची मध्यवर्ती बँक जिवाचं रान करते, २०१५ च्या सुरुवातीला तर क्रोन वर जायला लागला म्हणून व्याजदर शून्याच्या खाली पाऊण टक्क्यापर्यंत नेला होता. तुम्हाला यातून एवढंच घ्यायचं की क्रोन विरुद्ध युरो ही चिंता सोडा, रुपया युरोसमोर कुठे आहे तेवढं बघा.

आता डबा पालथा करा. वर्तमानपत्र अंथरा, भिंग असेल तर घ्या, आणि पहिलं काम म्हणजे नाण्यावर देशाचं नाव वाचणं. हे सांगायचं कारण बोटीवरच्या माणसाच्या डब्यात एकाच देशाची नाणी कधीच नसतात. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क तिघांचंही चलन क्रोन किंवा क्रोना, तिघेही किमतीपुढे के आर एवढंच लिहितात, कारण १८७३ च्या करारात डेन्मार्क आणि स्वीडनने एकच सोन्याचं माप धरून हे चलन काढलं, नॉर्वे १८७५ मध्ये आत आलं, आणि तेव्हा एकाची नाणी दुसऱ्याच्या देशात सरळ चालायची. पहिल्या महायुद्धात ते मोडलं, नाव राहिलं. आज तिघांचे भाव वेगळे आहेत. आणि आइसलँडचा क्रोना तर एका रुपयाच्याही आत आहे, मासे खेकडे छापलेली नाणी दिसली तर ती त्यांची. भोक आहे म्हणून डेन्मार्कचं असंही समजू नका, नॉर्वेच्या आजच्या १ आणि ५ क्रोनलाही भोक आहे. डॅनमार्क लिहिलंय का नॉर्गे, एवढं बघितलं की निम्मा गोंधळ मिटतो.

डेन्मार्कची वेगळी निघाली की त्यातली आजची चालू नाणी ओळखायची. चालू नाणी सहाच, ५० ओरे, मग १, २, ५, १० आणि २० क्रोन. ५० ओरे तांब्याच्या रंगाचं, त्यावर मुकुट. १, २ आणि ५ पांढऱ्या धातूची, म्हणजे तांबं आणि निकेल, आणि तिघांनाही मधे गोल भोक. १० आणि २० पिवळी, भोक नाही, राजाराणीचा चेहरा. आपल्याकडे १९४३ ते ४७ मध्ये भोकाचा पैसा होता तो तुमच्या घरात कुणीतरी बघितलाच असेल, तसलंच हे, फक्त तिकडे ते अजून जोरात चालू आहे. भोकाचा फायदा असा की खिशात हात घालून न बघता कळतं आपण पांढरं धरलंय का पिवळं, डोळ्याने अधू माणसाला तर हे फारच सोयीचं.

पण आकारावर जाल तर फसाल, आणि नवी मुलं इथेच फसतात. पाचाचं नाणं सगळ्यात मोठं, साडेअठ्ठावीस मिलिमीटर, नऊ ग्रॅमच्या वर वजन, हातात घेतलं की वाटतं हेच सगळ्यात भारी. आणि दहाचं नाणं त्याच्याहून चांगलं पाच मिलिमीटरने लहान, सात ग्रॅमचं. त्यातही गंमत म्हणजे ५० ओरे हे १ क्रोनपेक्षा किंचित मोठं आहे, २१.५ विरुद्ध २०.२५. म्हणजे आधी रंग बघायचा, मग त्या रंगाच्या आत आकार. पांढऱ्यात १ पेक्षा २ मोठं आणि २ पेक्षा ५ मोठं, पिवळ्यात १० पेक्षा २० मोठं. दहा आणि वीसमध्ये गोंधळ झाला तर काठावरून नख फिरवा, दहाचा काठ गुळगुळीत आहे, वीसचा मधे मधे दातेरी मधे मधे सपाट. मुलीला हे एकदा टेबलावर करून दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि ही चिल्लर आहे म्हणून हलकी समजू नका. ५० ओरे म्हणजे सहा सात रुपये, ठीक आहे, पण भोकाचं पाच क्रोन म्हणजे ६५ ते ७० रुपये, आणि वीसचं एक नाणं अडीचशेच्या वर. आपल्याकडे नाणं म्हणजे रिक्षावाल्याला सुट्टे द्यायची वस्तू, तिकडे मूठभर पिवळ्या नाण्यांत एका वेळचं बाहेरचं जेवण होऊ शकतं. म्हणून डब्यात चालू नाणी निघाली तर ती नीट मोजा.

ही मालिका १९८९ मध्ये यायला लागली आणि १९९३ पर्यंत पूर्ण झाली, ५० ओरे आणि पिवळं दहा १९८९ चं, पाच आणि वीस १९९० चं, एक १९९२ आणि दोन १९९३. म्हणून वर्ष बघायचं. त्याआधीचं भोक नसलेलं १ क्रोन, भोक नसलेलं मोठं ५ क्रोन, आणि १९७९ ला आलेलं पांढरं १० क्रोन, ही या मालिकेतली नाहीत, दुकानात कुणी हातात धरणार नाही, ती सरळ बाजूच्या ढिगात टाका. उलटा सापळाही आहे. १९६६ ते १९८८ मधलं २५ ओरे हे पांढरं आणि भोकाचं आहे, लोक ते चालू म्हणून घेऊन जातात. ते बाद आहे. २५ ओरे हा प्रकारच १ ऑक्टोबर २००८ पासून बंद झाला, मग ते भोकाचं असो का नंतरचं बारीक तांब्याचं. ५ आणि १० ओरे १९८९ ला गेले, १ आणि २ ओरे त्याच्याही आधी १९७३ ला. म्हणजे ओरेमध्ये आज ५० सोडून काहीच जिवंत नाही.

राणी मार्गरेटचा चेहरा असलेल्या नाण्यांबद्दल तुम्ही विचारलंय की राणी पायउतार झाल्या मग ती चालतात का. १४ जानेवारी २०२४ ला त्यांनी गादी सोडली आणि मुलगा फ्रेडरिक दहावा राजा झाला हे खरं, पण त्यामुळे नाणं बाद होत नाही. राणींची चालू मालिकेतली नाणी बिनधास्त वापरा.

नोटांचं मात्र वाईट ऐकावं लागेल. पाकिटातल्या नोटा आधी बघून घ्या. २००९ ते २०११ मध्ये आलेल्या नोटांवर एका बाजूला पूल आणि दुसऱ्या बाजूला जमिनीत सापडलेली प्राचीन वस्तू आहे, त्यातल्या ५०, १००, २०० आणि ५०० च्या चालतात. बाकी सगळं ३१ मे २०२५ ला संपलं. म्हणजे नील्स बोरचं चित्र असलेली जुनी पाचशेची, कारेन ब्लिक्सनची पन्नासची, कार्ल नील्सनची शंभरची, या सगळ्या आणि त्याआधीच्याही. आणि हजाराची तर नवीसुद्धा गेली, जिच्यावर ग्रेट बेल्टचा पूल आणि ट्रुंडहोमच्या दलदलीत १९०२ ला सापडलेला घोड्याचा सूर्यरथ आहे ती. त्या तारखेनंतर बँकसुद्धा बदलून देत नाही. आपल्या २०१६ च्या अनुभवाने आपल्याला हे नवीन नाही, फरक इतकाच की त्यांनी २०२३ मध्येच जाहीर करून लोकांना दीड वर्ष दिलं. पण इथे ट्रंकेत ठेवलेल्या नोटेला कोण सांगणार. बोर साहेबांच्या पाचशेच्या दोन नोटा असतील तर तेरा हजाराच्या वर रुपये गेले असं धरा. संग्राहक अशी नोट घेतात, पण कोरी करकरीत असेल तर, घडी पडलेलीला फार काही मिळत नाही. आणि कुणी तुम्हाला कमिशन घेऊन बदलून देतो म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका.

डेन्मार्कच्याच राज्यातल्या फेरो बेटांची नोट निघाली तर तीही वेगळी ठेवा. तिची किंमत डेन्मार्कच्या क्रोनइतकीच असते, पण कोपनहेगनच्या दुकानात ती हक्काने चालवता येत नाही. त्यांची नाणी मात्र डेन्मार्कचीच. ग्रीनलँडला नोटा आणि नाणी दोन्ही डेन्मार्कची.

आता बाजूच्या ढिगाकडे येऊ, मला स्वतःला हाच ढीग बघायला जास्त आवडतो. बाद नाणं म्हणजे बिनकिमतीचं नाणं असं नाही, पण शंभरातली पंच्याण्णव खरंच बिनकिमतीची असतात हे आधी पचवा. १९२४ पासूनची पिवळी १ आणि २ क्रोन असतात, चकचकीत, लोक सोनं समजून सराफाकडे धावतात, ते ॲल्युमिनियम ब्राँझ आहे. करडी, हलकी, अंगावर पांढरट पूड धरलेली ओरेची नाणी दिसली तर ती जस्ताची, जर्मनांनी डेन्मार्क व्यापला होता त्या काळात तांबं मिळेना म्हणून १९४१ पासून पाडायला लागले तसली. चांगल्या स्थितीत क्वचित असतात, कारण जस्त टिकत नाही, पण सर्वसाधारण नाण्याला किरकोळच भाव.

रोजच्या वापरातल्या १ आणि २ क्रोनमध्ये चांदी बघायची असेल तर वर्ष १९१६ किंवा त्याआधीचं हवं. २ क्रोनचं नाणं १५ ग्रॅमचं, त्यात ८०० टंच चांदी, म्हणजे हजारात ८०० भाग, शुद्ध १२ ग्रॅम. १ क्रोन बरोब्बर निम्मं, साडेसात ग्रॅम, सहा ग्रॅम शुद्ध. हे पैसे नुसते धातूचेच येतात, आणि राजा कोण, वर्ष कुठलं, झीज किती यावर त्याच्यावर काही चढतं. २५ आणि १० ओरेही त्या काळी चांदीचे म्हणतात, पण त्यात चांदी कमी, १० ओरेमध्ये तर ४०० टंच म्हणजे निम्म्याहून जास्त तांबंच.

आणि सोनं. शक्यता कमी आहे पण तपासून घ्यायला काय जातं. १८७३ च्या कायद्यात एक किलो सोन्याचे २४८० क्रोन असं ठरलं होतं, म्हणजे २० क्रोनच्या सोन्याच्या नाण्यात ८.०६ ग्रॅम शुद्ध सोनं, दहावा भाग तांबं धरून एकूण वजन ८.९६ ग्रॅम. १० क्रोन त्याच्या निम्मं. आता गंमत बघा, या सोन्याच्या वीस क्रोनचा व्यास २३ मिलिमीटर आहे आणि आजच्या पितळी दिसणाऱ्या दहा क्रोनचा २३.३५. शेजारी शेजारी ठेवलं तर नवख्याला आकारावरून फरक कळणार नाही, रंगही मळ बसून सारखाच वाटू शकतो. पण काट्यावर ठेवा, एक सात ग्रॅम आणि दुसरं जवळजवळ नऊ. ओळखीच्या सराफाकडे जा, दोन दशांश दाखवणारा काटा त्याच्याकडे असतोच, ८.९६ च्या आसपास आलं आणि वर्ष १८७३ ते १९१७ मधलं असलं तर तिथेच गप्प बसा, लगेच विकू नका, दुसऱ्याकडे टंच काढून घ्या. सोन्याच्या आजच्या भावात ते एक नाणं उरलेल्या अख्ख्या डब्याला भारी पडेल.

एक कळकळीची विनंती, काहीही घासू नका. चिंच नको, पितांबरी नको, टूथपेस्ट तर अजिबात नको. जुन्या नाण्यावरचा तो काळसर थर हाच त्याचा दाखला असतो, तो गेला की जाणकार माणूस हात लावत नाही. मळ असेल तर साध्या पाण्यात बुडवून मऊ फडक्याने टिपून घ्या, बास.

वीस आणि दहा क्रोनमध्ये काही चित्रांची नाणी सापडतील, आंदरसनच्या परीकथांची दहाची २००५ ते २००७ ची, त्यात कुरूप बदकाचं पिल्लू आहे, किंवा वीसची बुरुजांची, जहाजांची. छान दिसतात, पण लाखांनी निघालेली आहेत, वापरलेलं नाणं दर्शनी किमतीलाच धरा. आवडलं तर एक ठेवून घ्या, सासऱ्यांची आठवण म्हणून.

जाता जाता एक सांगतो, कारण तुमचं माहेर तंजावरकडचं मराठी कुटुंब आहे असं तुम्ही लिहिलंय. त्या बाजूच्या जुन्या घरांत कधी बारीक, वेडीवाकडी शिशाची किंवा तांब्याची नाणी निघतात, वर मुकुट आणि खाली गुंतलेली इंग्रजी अक्षरं. ती डेन्मार्कचीच असू शकतात बरं का. तंजावरच्या बाजूला समुद्रकाठी तरंगमबाडीला डेन लोकांची वखार १६२० ते १८४५ होती, तंजावरच्या रघुनाथ नायकाने जागा दिली, आणि पुढे व्यंकोजीराजांपासून तंजावर भोसल्यांकडे आल्यावर डेन लोक त्यांनाही दरवर्षी पेशकश, म्हणजे खंडणी, भरायचे. स्थानिक व्यवहारासाठी त्यांनी कास नावाची ही बारीक नाणी पाडली, ऐंशी कासांचा एक फानम, आणि असे आठ फानम झाले की एक रुपया. क्रोनशी याचा काही संबंध नाही, आजचा क्रोन यायच्या आधीच ते ठाणं इंग्रजांना विकून झालं होतं. पण अशी नाणी निघाली तर ती या डब्यातल्या ९९ टक्के मालापेक्षा मोलाची, आणि तीही घासायची नाहीत.

आता मुलीच्या कामाचं. इथे तुमची नाणी कुठलीही बँक किंवा मनीचेंजर घेणार नाही, चालू असली तरी, आम्ही फक्त नोटा घेतो, कारण नाणी परत तिकडे पाठवायचा खर्चच परवडत नाही. म्हणून चालू नाणी तिच्याबरोबरच द्या, तिथेच ती पूर्ण किमतीला जातील. कायद्याची भीती नको, परदेशी नाणी कितीही जवळ ठेवायला रिझर्व्ह बँकेची मुभा आहे, मर्यादा आहे ती नोटांना, परत आल्यावर २००० डॉलरच्या किमतीइतक्याच ठेवता येतात.

तिकडे रोख फार कुणी वापरत नाही, सगळं कार्ड आणि मोबाइलवरून, पण माणूस बसलेल्या दुकानाला दिवसा रोख नाकारता येत नाही असा नियम आहे, रात्री काही दुकानांना सूट आहे. रोख दिली तर एकूण बिल जवळच्या ५० ओरेला गोल होतं. म्हणजे ८७ क्रोन ७० ओरे झाले तर ८७.५० द्यायचे, ८७.७५ झाले तर ८८. प्रत्येक वस्तूला नाही, शेवटच्या बेरजेला. कार्डाने दिलं तर ओरेसकट जसंच्या तसं कापतात. किंमत लिहायची पद्धत आपल्या उलटी आहे हे तिला आधीच सांगा, ते दशांशाला स्वल्पविराम देतात आणि हजाराला टिंब, म्हणजे १.२९९ वाचून सव्वा क्रोन समजू नये, ते बाराशे नव्व्याण्णव आहेत. लिहिलेल्या किमतीत २५ टक्के कर धरलेलाच असतो, वर काही लागत नाही, आणि टीप दिलीच पाहिजे असंही नाही.

कार्ड मशीन कधी विचारतं, रुपयात कापू का क्रोनमध्ये. नेहमी क्रोन. रुपये दाबले की भाव दुकानाच्या बाजूची यंत्रणा ठरवते आणि तो कधीच आपल्या बाजूचा नसतो. काही पर्यटकी दुकानं युरोही घेतात, पण मोड क्रोनमध्ये देतात आणि भाव त्यांचा, त्या भानगडीत पडू नये.

नाणी तिला सगळ्यात आधी लागतील ती सुपरमार्केटच्या ढकलगाडीला, बऱ्याच ठिकाणी दहा किंवा वीसचं नाणं घातल्याशिवाय गाडी सुटत नाही, परत लावली की नाणं परत. आणि पेयाची बाटली किंवा डबा घेताना त्याची अनामत कापतात, डब्याला १ क्रोन, अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीला दीड, एक लिटर किंवा मोठीला ३. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की पावती येते, ती गल्ल्यावर दाखवून पैसे घ्यायचे. विद्यार्थ्यांच्या घरात महिन्याच्या शेवटी पिशवीभर बाटल्या साठतात, त्याचे चांगले पन्नास साठ क्रोन होतात, फेकून देऊ नकोस म्हणावं.

डब्यातल्या बाजूच्या ढिगाचे दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात काढून टाका, शेजारी पट्टी ठेवा आणि प्रत्येकाचं वजन लिहा, वर्ष आणि राजा मी बघून सांगतो.